मानाचे विमान

दाजी मेस्त्री जमिनीपासून किती उंच गेले होते याबद्दल आमच्या गावात तीन आकडे चालतात. देवळाच्या पारावर बसणारे सांगतात, माडाएवढे. दाजींचे चुलतभाऊ, ज्यांचे त्यांच्याशी कधी पटले नाही, ते सांगतात, गुडघ्याएवढे. मी त्या वेळी मोजणी खात्यात मोजणीदार होतो आणि ती उंची मी स्वतः मोजली. ती साडेअकरा फूट भरली. दोरीचा पीळ सुटून इंचभर फरक पडला असेल, तेवढा धरून चालावे.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते तापाने, घरात, खाटेवर गेले. हे आधीच सांगून टाकतो, कारण विमानाची गोष्ट निघाली की ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो आणि पुढचे नीट ऐकत नाही.

आमचे गाव भाट्याची खाडी होडीने ओलांडून पावसच्या वाटेवर लागते. खाली समुद्राकाठी माडांत वाडी, वर जांभ्या दगडाचा उघडा माळ, त्याला आम्ही सडा म्हणतो. खालून वर जायला दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे. पायऱ्या एकशे बेचाळीस. मी रत्नागिरीच्या कचेरीत होतो आणि शनिवारी घरी येत असे. पाखाडी उतरताना पहिले घर दाजींचे, त्यामुळे त्यांना चुकवून कोणालाच वाडीत शिरता येत नसे.

"या, एकशे अठरा," ते मला म्हणत.

एकशे अठरा म्हणजे माझे वजन, पौंडांत. दाजी माणसाला नावाने फारसे ओळखत नसत, वजनाने ओळखत. एकदा मी रत्नागिरीला तांदळाच्या वखारीतल्या काट्यावर बसून खात्री करून घेतली. एकशे एकोणीस भरलो. पुढच्या शनिवारी तसे सांगितले तर ते म्हणाले, "चपला काढल्या होत्या काय?" मी काढल्या नव्हत्या. लग्नाच्या पंगतीत बसल्याबसल्या ते नवरा आणि नवरी यांची वजने सांगत आणि कोणाला पुढे बसवावे, कोणाला मागे, याचा सल्ला देत. त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: "वजन मागं गेलं की नाक वर जातं, आणि नाक वर गेलं की माणूस पडतो." गावातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना ते आपल्यावर बोललेले वाटे. दाजी फक्त विमानाविषयी बोलत असत.

हे वजनाचे वेड इराकातल्या बसऱ्याचे. पहिल्या महायुद्धात दाजी तिकडे विमाने दुरुस्त करण्याच्या कारखान्यात सुतार होते. तीन वर्षांत त्यांनी एकशे सहा पंख नीट केले. हा आकडा त्यांचा, मी तपासलेला नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही विमानात बसू दिले नाही. एकदा त्यांनीच बांधलेल्या पंखाची परीक्षा होती आणि मागच्या बैठकीत कोणीतरी वजनाला हवे होते. साहेबाने दाजींकडे पाहिले, थोडा विचार केला आणि वाळूचे पोते बसवायला सांगितले.

"पोतं गेलं वर," दाजी सांगत. "माज्याच हातनं बसवलं त्याला. पट्टा मीच आवळला. अर्धा तास फिरून आलं. आणि उतरल्यावर मी त्याला बघत बसलो. म्हटलं, या पोत्यानं काय बघितलं असेल?"

ही गोष्ट ते हसत सांगत, पण सांगून झाली की रंधा घेऊन उगाच एखादी गुळगुळीत फळी पुन्हा गुळगुळीत करीत. गावी परतल्यावर दहा-बारा वर्षे त्यांनी दारे, खिडक्या, पाळणे, होड्यांची वल्ही असे सगळे केले. वयाची पन्नाशी गाठली तेव्हा एक दिवस पडवीत खडू घेऊन बसले आणि सारवलेल्या जमिनीवर विमान काढले.

कागदावर आराखडा असा कधी झालाच नाही. विमान दोन वर्षे पडवीच्या जमिनीवर होते. त्यांची बायको, जिला आम्ही मेस्त्रीणकाकू म्हणत असू, ती सारवताना रेघा सोडून सारवी. त्यामुळे हळूहळू बाकीची पडवी वर आली आणि विमान जमिनीत खोल दिसू लागले. काकूंना चुलीकडे जायचे तर डावा पंख ओलांडावा लागे.

"दुसऱ्यांच्या घरात नवरा दारू पिऊन आडवा पडतो," त्या मला म्हणाल्या. "त्याला निदान हलवता येतं."

पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत अठ्ठावीस फूट ठरली. यंत्र नव्हते. यंत्र मिळणार नाही हे दाजींनी पहिल्याच दिवशी मान्य केले होते. समुद्राचा वारा दुपारी सड्याच्या कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो. घारी तिथे पंख न हलवता तासन्‌तास राहतात. दाजी उताणे पडून त्या मोजत. घारीला यंत्र नाही, तर आपल्याला कशाला, असा त्यांचा हिशेब होता आणि मी बराच प्रयत्न करूनही मला त्यात चूक सापडली नाही.

सांगाडा बांबूचा आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, त्यावर मांजरपाट. बसऱ्याला कापडावर एक उग्र वासाचे रोगण लावीत, त्याने ते ढोलासारखे ताणले जाई. ते इथे मिळणे शक्य नव्हते, म्हणून दाजींनी पेजेची खळ लावली. ताण उत्तम आला. पंख अंगणात वाळत ठेवला आणि शेजारच्या गाईने उजव्या पंखाचे तीन फूट खाल्ले. गाईचा मालक भांडायची तयारी करूनच आला होता. दाजी आत गेले. करवत घेतली आणि डाव्या पंखाचेही तीन फूट कापून टाकले.

"दोन्ही सारखे झाले म्हणजे झालं," ते म्हणाले. लांबी बावीस फुटांवर आली.

पुढच्या खेपेला माशांच्या पोटातले फुगे उकळून केलेला सरस लावला. गाई लांब राहिल्या, पण मांजरे जमली. एका रविवारी मी मोजली तेव्हा विमानाखाली सतरा मांजरे बसली होती आणि एकजात वर पाहत होती.

"ही वजनात धरायची काय?" मी विचारले.

"खाली हायत तवर नाय," दाजी म्हणाले. ते थट्टा करीत नव्हते.

या सुमारास रत्नागिरीहून एक पोलीस जमादार चौकशीला आला.

"विमान बांधता म्हणे."

"बांधतोय."

"परवाना?"

"उडालं की विमान. उडत नाय तवर लाकूडसामान. लाकूडसामानाला परवाना लागतो काय?"

जमादाराने विमानाभोवती दोन फेऱ्या घातल्या, मांजरांना शुक शुक केले, बैठकीवर हात ठेवून ती हलते का पाहिले. मग वहीत लिहिले. मी शेजारीच उभा असल्याने वाचले. 'पंख असलेला पलंग, नग एक.'

"तुमी एकशे नव्वद," जाताना दाजी त्याला म्हणाले. "पट्टा सोडून."

विमान उडवण्याची रीत अशी होती. दोन्ही पंखांना एकेक लांब दोरी, प्रत्येक दोरीवर सहा माणसे. कड्याच्या तोंडाशी विमान वाऱ्यासमोर धरायचे, वारा ते पतंगासारखे वर उचलील, मग दाजी 'सोडा' म्हणतील आणि बाराही जणांनी एकदम दोरी सोडायची. पुढे विमान आणि वारा पाहून घेतील. कड्याखाली वाडी, वाडीपलीकडे वाळूची पुळण, पुळणीपलीकडे समुद्र. उतरायला पुळण मऊ होती.

अडचण बारा माणसांची आली. गावात दांडगी माणसे पुष्कळ, पण मिळून काही उचलायचे असेल तर गावकीला विचारावे लागते. गावकी देवळात बसली. भाऊ गावकर हे पहिले मानकरी. शिमग्याला जाखमातेची पालखी निघते तिच्या दांड्याची उजवी पुढची जागा त्यांच्या घराण्याची. त्यांनी निकाल दिला.

"गावानं मिळून उचलायची वस्तू ती मानाच्या बारा घरांनी उचलायची. मग ती पालखी असो नायतर मेस्त्रीचा पलंग."

मग कोणत्या दोरीवर कोण, आणि दोरीवर पहिला कोण, यावर तीन आठवडे गेले. पालखीला पुढची बाजू म्हणजे देवीचे तोंड जिकडे ती. विमानाला पुढची बाजू कोणती, हे दाजींनी दाखवले तर डावीकडच्या सहा जणांना ते पटले नाही, कारण त्यामुळे ते डावीकडचे होत होते. शेवटी गुरवाने कौल लावला. देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहायचे, अशी आमच्याकडची रीत. देवीने दाजींच्या बाजूने सांगितले. दाजींनी बाराही जणांना सड्यावर नेऊन चार वेळा समजावले: 'सोडा' म्हटले की सोडायचे. चारही वेळा बाराही जण "व्हय" म्हणाले. मी तिथे होतो.

वैशाखातल्या एका दुपारी, वारा भरल्यावर, दाजी बैठकीत बसले. काकू पाखाडीच्या तोंडाशी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. सकाळपासून त्यांनी एकच गोष्ट म्हटली होती, "उडायचं तर उडा, पण पेज पिऊन उडा."

विमान उचलले गेले. इतक्या सहजपणे की मला क्षणभर काही चुकल्यासारखे वाटले. डुलत डुलत ते वर चढले आणि दोऱ्या ताणल्या तिथे थांबले. मानकऱ्यांनी पाय रोवले. दाजींनी खाली पाहिले, समोर पाहिले आणि म्हणाले, "सोडा."

कोणी सोडले नाही.

आमच्याकडची पालखी ज्याने पाहिली आहे त्याला कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितो. पालखी एकदा उचलली की जागेवर पोचेपर्यंत दांडा सोडायचा नाही. खांदा सोलला तरी सोडायचा नाही. ज्याने सोडला त्याच्या घराण्याचा मान गेला, आणि शेजारचे घराणे ती जागा घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या टपलेले असते. बाराही जणांना 'सोडा' हा शब्द नीट समजला होता. पहिल्याने कोणी सोडायचे, एवढेच ठरले नव्हते.

"सोडा रे," दाजी म्हणाले.

"डावीकडच्यांनी सोडलं की आमी सोडतो," भाऊ गावकर म्हणाले.

"असं कसं? उजवी पुढची तुमची. पहिला मान तुमचा," डावीकडून आले.

"हा मान आमी तुमाला दिला."

"तुमचा मान आमी कसा घेणार?"

"अरे शिंच्यांनो, सोडा," वरून दाजी म्हणाले. मग त्यांनी एकेकाला नावाने हाका मारल्या, मग बापाच्या नावाने, मग जे म्हटले ते मी लिहीत नाही. शिमगा होऊन दोन महिने झाले होते, तरी लोकांनी त्या शिव्या शिमग्यातल्या समजून हसून घेतल्या.

मी घड्याळ लावून बसलो होतो. सात मिनिटांनी दाजी शांत झाले. मला म्हणाले, "मोजणीदार, निदान मोजून तरी घ्या." त्यांनी कमरेचा ओळंबा खाली सोडला, तो जमिनीला टेकला तिथे दोरीला गाठ मारली. नंतर मी फूटपट्टीने ती मोजली, तो हा साडेअकरा फुटांचा आकडा.

सतराव्या मिनिटाला वारा पडला आणि विमान आपोआप खाली आले. एक बांबूही मोडला नाही. दाजी उतरायला लागले तर मानकऱ्यांनी उतरू दिले नाही. उचलले आहे ते जागेवर पोचवायला हवे, आणि वाटेतली घरे वगळून कसे चालेल? दाजींसकट विमान खांद्यावर घेऊन ते पाखाडी उतरले. प्रत्येक दारात थांबले. बायकांनी ओवाळले, नारळ ठेवले. वाडीत एकतीस घरे आहेत. एका म्हातारीने दाजींना आपला मुलगा कधी परत येईल म्हणून विचारले. दाजी तोवर इतके थकले होते की ते "येईल" म्हणाले. मुलगा पुढच्या महिन्यात आला आणि त्या घरातून दाजींना दर सणाला गोडाचा वाडगा येऊ लागला.

मला वाटले होते की इथे हे संपेल. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा दाजी पडवीत बसले होते. गुलाल कानात होता.

"वर गेलात ना मेस्त्री?" मी समजूत घालायला म्हणालो.

"बांधलेलं होतं," ते म्हणाले. "पोत्याला पण बांधलंच होतं. पण पोतं निदान गेलं कुटंतरी." मग कानातला गुलाल झाडत म्हणाले: "मोजणीदार, तुमच्या वहीत काय लिहिलंत? उडाले म्हणून?"

मी 'उचलले गेले' असे लिहिले होते. खोटे सांगता आले नाही. त्यांनी मान डोलावली.

वर्ष गेले. त्या वर्षात त्यांनी दोरी सोडू शकेल असे कोण, याचा शोध चालवला. रेड्यांचा विचार केला, दगडांचा केला. पावसच्या मासेमारी करणाऱ्या खारव्यांना विचारले, ते तयार झाले, पण आपल्या सड्यावर दुसऱ्या गावाने दोरी धरायची हे गावकीला चालणार नव्हते. मी बसलेला असतानाच एका दुपारी त्यांनी भाकऱ्या थापणाऱ्या काकूंना विचारले.

"तुला पालखीला मान काय गो?"

"बाईला कसला मान? ताट घेऊन दारात उभं राहायचं, तो मान."

"म्हणजे तू दोरी सोडलीस तर काय जाईल?"

काकूंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी त्यांनी ती उलटली नाही.

"माजं काय जाईल ते तुमाला काय सांगू?" त्या म्हणाल्या.

 मी उठून जायला हवे होते, पण उठलो नाही. शेवटी काकूंनीच विचारले, "आणि नाय सोडली तर?"

"तर परत कोणाला सांगणार नाय. विमानाचे पाट करीन."

काकूंनी करपलेली भाकरी बाजूला काढली आणि दुसरी थापायला घेतली. "सहा बाया लागतील," त्या म्हणाल्या. "तुमी नाय विचारायचं. मी विचारते."

गावकीची हरकत येईल असे मला वाटले होते. भाऊ गावकर म्हणाले, बायकांनी धरले म्हणजे ते उचलणे होत नाही, त्यामुळे प्रश्नच नाही.

डोक्यावर लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या त्या बायका. काष्टे मारून उभ्या राहिल्या, तीन इकडे, तीन तिकडे. उजव्या दोरीवर पहिल्या काकू. वारा मागच्यापेक्षा जोराचा होता. विमान वर गेले, दोऱ्या ताणल्या. मी कड्यापासून वीस पावलांवर होतो.

"सोडा," दाजी म्हणाले.

पाच बायकांनी सोडली. सांगितले तसे, एकदम. काकूंनी सोडली नाही. डाव्या पंखाची दोरी मोकळी, उजव्या पंखाची एकट्या काकूंच्या हातात. विमान तिरपे झाले, काकू कड्याकडे ओढल्या जाऊ लागल्या. जांभ्यावर त्यांच्या टाचा घासत होत्या.

दाजींनी या वेळी शिवी दिली नाही. ओरडलेही नाहीत. "सोड, पार्वती," ते म्हणाले.

काकूंचे नाव पार्वती आहे हे गावात कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. मला तरी नव्हते. नवऱ्याने बायकोचे नाव असे चारचौघांत घ्यायची आमच्याकडे रीत नाही. काकूंनी वर पाहिले आणि हात उघडले.

विमान सरळ झाले आणि कड्यावरून बाहेर गेले. मग कड्याखाली गेले आणि दिसेनासे झाले. मी धावत कड्याशी गेलो, पण खाली माडांच्या झावळ्याच होत्या. उडत गेले की पडत गेले, ते मला दिसले नाही. ते इथे स्पष्ट लिहितो. मागे वळलो तर काकू दोरी हातावर गुंडाळत होत्या. हातांचे साल निघाले होते. कड्याकडे पाहत नव्हत्या.

"दिसतात काय?" त्यांनी विचारले.

"नाही."

त्यांनी उरलेली दोरी गुंडाळली आणि पाखाडी उतरू लागल्या. मी मागोमाग. शंभरएक पायऱ्या उतरलो असू, तेव्हा खालून दाजी येताना दिसले. कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावर अर्धा पंख. विमान पुळणीपलीकडे गुडघाभर पाण्यात उतरले होते आणि मोडले होते. दाजींना कपाळावर एक खोक होती, बाकी काही नाही.

दोघे समोरासमोर थांबले.

"काय दिसलं वरनं?" काकूंनी विचारले.

"आपलं घर," दाजी म्हणाले. "समुद्राकडच्या पाखेवरची कौलं फुटलीत. चार."

"गळतंय म्हणून दोन पावसाळे सांगतेय. त्यासाठी आभाळात जायला हवं होतं?"

दाजींनी पंख दुसऱ्या बाजूला घेतला. "उद्या बदलतो," ते म्हणाले.

छपराची ती पाख, म्हणजे उतरती बाजू, सड्यावरून दिसत नाही, आढे मध्ये येते. खालून माड आड येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी मागून घेतली आणि वर चढून पाहिले. चार कौले फुटली होती. खाली येऊन वही काढली आणि 'उडाले' असे लिहून तारीख घातली. दाजींना दाखवले. त्यांनी वाचले, वही परत दिली आणि कौले घेऊन वर गेले.

त्याच आठवड्यात माझी राजापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तेव्हाही दाजी छपरावर होते. चार कौले बदलायला पाच दिवस लागत नाहीत. ते आढ्यावर पाय पसरून बसले होते आणि समुद्राकडे पाहत होते. मी हाक मारली. त्यांनी हात वर केला, वळले नाहीत.

काकू बाहेर आल्या. त्यांनी वर एकदा पाहिले, मग भिंतीला लावलेली शिडी काढली आणि आडवी करून पडवीत, जिथे विमान होते तिथे ठेवली.

"बसू दे वर," त्या म्हणाल्या. "तुमी चहा घेऊन जा."